‘विशेष संदर्भ : जळगाव व धुळे’ असं लिहिण्याआधी

पेट पास झाली, गाईड मिळाले, की विषयाची शोधाशोध सुरू होते. समाजकार्य, समाजशास्त्र आणि विधी, तिन्ही विषयांत एक शीर्षक हमखास कानावर येतं : ‘कारागृहातून सुटलेल्या बंद्यांचे पुनर्वसन : एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)’. विषय उत्तम आहे. आपल्याकडे यावर फारसं काही झालेलं नाही, त्यामुळे ‘रिसर्च गॅप’ दाखवायलाही त्रास नाही. पण बघा, कंसातले ते दोन शब्द, ‘विशेष संदर्भ’, फार धोक्याचे आहेत. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ एवढाच असतो की चौकट दुसरीकडची, प्रश्नावली दुसरीकडची, फक्त सॅम्पल आपल्या जिल्ह्याचं.

या विषयाच्या लिटरेचर रिव्ह्यूत पहिलं भारतीय नाव जवळपास ठरलेलं असतं, ते म्हणजे प्रा. विजय राघवन. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, सेंटर फॉर क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिसमध्ये ते शिकवतात आणि ‘प्रयास’ या प्रकल्पाचं काम बघतात. त्यांचं काम का वाचायचं, त्यातलं काय उचलायचं आणि कुठं हात आखडता घ्यायचा, हे आज सांगतो. मला हे काम आवडतं. त्यामुळे टीका जरा मोकळेपणाने करणार आहे.

आधी ‘प्रयास’ समजून घ्या, नाहीतर लेख समजणार नाहीत. १९९० साली टिसनं सुरू केलेला हा ‘फील्ड अ‍ॅक्शन प्रोजेक्ट’. डॉ. सनोबर साहनी यांनी तो उभा केला. फील्ड अ‍ॅक्शन म्हणजे काय, तर विद्यापीठानं फक्त अभ्यास करून थांबायचं नाही. प्रत्यक्ष सेवा चालवायची, त्यातून प्रश्न शोधायचे, त्यावर लिहायचं आणि सरकारकडे धोरणासाठी भांडायचं. प्रयासचे समाजकार्यकर्ते कारागृहात जातात, पोलीस ठाण्यात जातात, बंद्याशी ओळख आतच करून घेतात आणि तो बाहेर आल्यावर त्याच्यासोबत राहतात. आपल्या एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कसारखं आठवड्याला दोन दिवस जाऊन डायरी भरण्याचं हे काम नव्हे. तीस-पस्तीस वर्षं सलग चाललेलं आहे.

या कामानं प्रश्नाची जागा हलवली, आणि राघवन यांच्याकडून शिकण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट. आपल्याकडे ‘सुधारणा’ हा शब्द कैद्याच्या मनाला चिकटलेला आहे. प्रवचन ठेवा, योगा ठेवा, राखीपौर्णिमेला राख्या बांधा, फोटो काढा. माणूस आतून बदलला की झालं, असा हिशेब. प्रयासच्या कामात प्रश्न वेगळेच येतात. सुटलेल्या दिवशी हा माणूस कुठं झोपणार? आधार कार्ड कुणाकडे आहे? दोन वर्षांत घर भाड्याचं होतं ते गेलं, तर पत्ता कोणता लिहायचा? पत्ता नाही तर बँक खातं नाही, खातं नाही तर पगार कुठं जमा होणार? सवयीनं कामाला जाणं, वेळेवर पोचणं, साहेबाचं बोलणं ऐकून घेणं, हे सगळं तुटलेलं असतं. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. थेट मालकाकडे न पाठवता आधी काही काळ एखाद्या सामाजिक संस्थेत मानधनावर ठेवायचं. संस्थेला माहीत असतं हा कुठून आलाय. माणसाला लपवावं लागत नाही. नोकरीच्या आधीची पायरी म्हणा. कागदावर साधी वाटते, पण ‘पुनर्वसन’ नावाच्या ढगाळ शब्दाला इतकं ठोस रूप देणारं दुसरं भारतीय काम मला तरी सापडलेलं नाही.

लेखनाकडे आलो तर दोन गोष्टी आधी वाचा. रोश्नी नायर यांच्यासोबत २०१३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेला, महाराष्ट्रातल्या कारागृहांतल्या मुस्लिमांच्या जास्त प्रमाणावरचा लेख. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केलेल्या अभ्यासातून तो आला. आणि त्याच नियतकालिकातला २०१६ चा न्यायाधीन बंद्यांवरचा लेख. दोन्हींत भाषा कोरडी आहे, मुद्दे थेट आहेत. आत कोण आहे, त्याला वकील भेटतो का, जामीन मंजूर होऊनही तो बाहेर का येत नाही. थिअरीचा बडेजाव नाही. आपल्यापैकी जे फुको आणि गॉफमन पहिल्या प्रकरणात कोंबतात आणि पाचव्या प्रकरणात टक्केवारीच्या तक्त्यांवर येऊन आदळतात, त्यांनी हे मुद्दाम वाचावं.

आता टीका. त्यासाठी थोडं अमेरिकेला जावं लागेल, कारण ‘रीएन्ट्री’ हा शब्द तिथून आला. जेरेमी ट्रॅव्हिस यांचं २००५ चं पुस्तक घ्या, किंवा जोन पीटरसिलिया यांचं २००३ चं. ट्रॅव्हिस यांचा मुद्दा एका ओळीचा आहे : आत मेले ते सोडून सगळे परत येणार आहेत, मग तयारी का नाही? वर्षाला सहा लाख तीस हजार माणसं तिथल्या तुरुंगांतून बाहेर पडत होती. या सगळ्या विचारामागे एक कॅलेंडर आहे. शिक्षा झाली, भोगली, अमुक तारखेला सुटका. त्या तारखेच्या आधी सहा महिने तयारी, नंतर वर्षभर देखरेख, सोबत वस्तीतले लोक, चर्च, स्थानिक संस्था. ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ हा भाग त्या तारखेनंतरचा.

हेच कॅलेंडर आपल्याकडे लावून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यातले ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी. शंभरात जवळपास शहात्तर. जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा कारागृहांत तर मुख्यतः हेच असतात. मोठी शिक्षा लागली की माणूस नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. म्हणजे तुमच्या सिनॉप्सिसमधला ‘सुटलेला बंदी’ जळगाव जेलच्या दारातून बाहेर पडतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला शिक्षाच झालेली नसते. तो जामिनावर असतो. पुढच्या महिन्यात तारीख असते. त्यानंतरच्या महिन्यातही. जामिनाच्या अटीत पोलीस ठाण्यात हजेरी असू शकते. निकाल लागेपर्यंत चार वर्षं जाऊ शकतात, आणि मग तो निर्दोषही सुटू शकतो.

याला ‘पुनर्वसन’ कुठल्या अर्थानं म्हणणार? पुनर्वसनात एक पूर्णविराम गृहीत आहे. गुन्हा झाला, शिक्षा झाली, आता नवं आयुष्य. आपल्याकडे बहुसंख्यांच्या बाबतीत तो पूर्णविराम येतच नाही. राघवन यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही, २०१६ चा लेख याच माणसांबद्दल आहे आणि प्रयासचं काम दोन्ही प्रकारच्या बंद्यांसोबत चालतं. पण त्यांच्या लेखनात कोर्टातली रखडपट्टी हा न्यायव्यवस्थेचा प्रश्न म्हणून येतो आणि निवारा-रोजगार हा समाजकार्याचा प्रश्न म्हणून. आणि आपण वाचणारे तर ते दोन वेगळ्या खणांतच ठेवतो : विधीवाले पहिला लेख घेतात, एमएसडब्ल्यूवाले दुसरा विषय. खान्देशात मला दिसतं ते असं की हे दोन खण एकाच माणसाच्या एकाच दिवसात येतात. केळीच्या हंगामात रावेर-यावलला घड कापायला, भरायला जाणाऱ्या मजुराची तारीख भुसावळला असेल, तर त्या दिवसाची मजुरी गेली, भाडं गेलं, आणि मुकादम पुढच्या वेळी बोलावेल याची खात्री गेली. तारीख हीच त्याच्या रोजगाराची अडचण आहे. प्रश्नावलीत ‘सुटकेनंतर आपणास रोजगार मिळाला का? होय/नाही’ असं विचारलंत, तर यातलं काहीही तुमच्या डेटात येणार नाही.

योजनांचंही तसंच. महाराष्ट्र कारागृह विभाग आणि राज्य सहकारी बँकेनं १ मे २०२२ ला येरवड्यातून ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. ७ टक्क्यांनी ५०,००० पर्यंत कर्ज. कल्पना चांगली, पण ती सिद्धदोष बंद्यांसाठी. आतल्या कामाच्या मजुरीवर ती उभी आहे. जळगावच्या कच्च्या कैद्याला तिचा काय उपयोग? उलट २०२३ ची केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना त्याच्या कामाची आहे. जामिनाची रक्कम भरता येत नसेल तर न्यायाधीन बंद्याला मदत (२०२३ च्या नियमांत ती ४०,००० पर्यंत होती), निर्णय जिल्हा पातळीवरच्या समितीचा. आपल्या दोन जिल्ह्यांत या समित्या किती वेळा बसल्या, किती अर्ज आले, किती मंजूर झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं. एका अर्जात एक प्रकरण उभं राहू शकतं, पण कुणी विचारत नाही, कारण पुनर्वसनाच्या पुस्तकांत ‘जामीन’ हा धडाच नसतो.

जामीन निघालाच आहे तर मोतीराम खटला माहीत असू द्या. १९७८ चा, सर्वोच्च न्यायालयाचा, न्या. कृष्णा अय्यर यांचा निकाल. मध्य प्रदेशातला एक गवंडी. खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. सर्वोच्च न्यायालयानं हे चुकीचं ठरवलं. या गोष्टीला पन्नास वर्षं होत आली. आता आपल्याकडे बघा. धुळे, नंदुरबार, जळगावची किती कुटुंबं सुरतेत आहेत! उधना, लिंबायतला गेलात तर अहिराणी ऐकू येते. ज्याचा भाऊ, मेव्हणा, चुलता कमावता आहे तो सुरतेत; दुसऱ्या जिल्ह्यातच काय, दुसऱ्या राज्यात. गावात राहिलेत ते म्हातारे आईबाप, आणि सातबारा असलाच तर सामाईक. जामीनदार कोण राहणार? मुंबईच्या अभ्यासात ‘जामीनदार नाही’ याचा अर्थ बहुधा ‘शहरात कुणी नाही’ असा निघतो. इथं अर्थ वेगळा आहे : नाती भरपूर, पण कोर्टाला चालणाऱ्या जागेवर नाहीत. आणि सुटल्यावर माणूसही सुरतेलाच जात असेल का, गावाची नजर चुकवायला? गेला तर तारखेला परत येतो कसा? हा प्रश्न मला स्वतःला फार खुणावतो. यावर काम करायचं असेल तर अभ्यासक्षेत्र ‘जळगाव व धुळे’ ठेवून भागणार नाही, उधन्याची गाडी पकडावी लागेल.

आता ‘समुदाय’ या शब्दाकडे येऊ. इथं माझी टीका राघवन यांच्यापेक्षा या सगळ्या साहित्यावर आहे. ‘समुदायाचा सहभाग वाढवावा’ हे वाक्य शिफारशींच्या प्रकरणात नसेल तर व्हायवाला बाहेरचे परीक्षक रागावतील अशी आपली समजूत आहे. पण समुदाय कोण? प्रयासनं ज्या मुंबईत काम केलं तिथं सुटलेल्या माणसाचा पहिला प्रश्न एकटेपणाचा असतो, म्हणून तिथं संस्था हाच त्याचा समुदाय होतो. ते त्या शहरात बरोबर आहे. चोपडा तालुक्यातल्या दोन हजार वस्तीच्या गावात उलट आहे. तिथं माणसाला कुणी ओळखत नाही असं होतच नाही. ‘आत जाऊन आलेला’ हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. शिवाय पेपरात नाव, वय, गाव छापून आलेलं असतं, आणि आता ती बातमी मोबाइलवर कायमची. निर्दोष सुटल्याची बातमी सहसा येत नाही.

शॅड मरुना या अभ्यासकाचं इथं ऐका. २०११ च्या एका लेखात त्यांनी म्हटलंय की माणसाला गुन्हेगार ठरवण्याचे विधी समाजाकडे भरपूर आहेत. आरोपीचा पिंजरा, न्यायाधीशांसाठी उठून उभं राहणं, बेड्या. हॅरॉल्ड गारफिंकल यांनी १९५६ मध्येच या मानखंडनेच्या समारंभांवर लिहिलं होतं. पण परत घेण्याचा विधी कुठंच नाही. माणूस मागच्या दारानं बाहेर पडतो आणि संपलं. मरुनांच्या मते रीएन्ट्रीचं काम फसतं ते इथं. वर्गात हे शिकवताना परदेशी उदाहरणं देतात. त्याची काही गरज नाही, धुळ्याचं जेल पुरेसं आहे. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबांनी तिथं दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे शाळेपासून आपल्याला माहीत आहे. त्या काळचे सत्याग्रही सुटून आले की गावोगाव हार पडायचे, सभा व्हायच्या. ‘तुरुंगात जाऊन आलो’ ही मिरवायची गोष्ट होती. म्हणजे जेलमधून आलेल्या माणसाला वाजतगाजत परत घ्यायचं कसं, हे खान्देशाला चांगलं येतं. फक्त ते कुणासाठी करायचं हे ठरलेलं आहे. त्याच दारातून तेव्हा चोरी-मारामारीचे साधे कैदीही बाहेर पडत असणार. त्यांची आठवण कुणी लिहून ठेवली?

साध्या माणसासाठीही परत घेण्याचा विधी होता आणि कुठं कुठं आहे, पण तो आपल्या पुस्तकातल्या गोड ‘कम्युनिटी’सारखा नाही. जातपंचायत. दंड भरा, जेवण घाला, मग जातीत या. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे बहिष्कार घालणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण अभ्यासक म्हणून अडचण बघा. परत घेण्याची जी एकमेव ओळखीची रीत काही समाजांत आहे, ती बाईवर, गरिबावर जुलूम करणाऱ्या यंत्रणेच्याच हातात आहे. ‘समुदायाचा सहभाग’ अशी शिफारस लिहिताना यातला कोणता समुदाय तुमच्या डोळ्यांसमोर असतो? पंच, सरपंच, बचत गट, की शेजारीण? शेजारीण असेल तर ती नेमकं काय करणार? एवढं लिहिता आलं नाही तर ती शिफारस खोडून टाका.

राज्याला समुदायाचं मत कधीच नको असतं असंही नाही. शिक्षा झालेला बंदी संचित रजा किंवा अभिवचन रजा, म्हणजे फर्लो-पॅरोल मागतो, तेव्हा पोलीस गावात चौकशी करतात, नातेवाइकाची हमी घेतात, शांतता बिघडेल का याचा अहवाल वर जातो. गाव त्या माणसाबद्दल काय म्हणालं, याची सरकारी कागदावरची ही मोजक्या जागांपैकी एक.

उलट टोकाला तडीपारी आहे, आणि पुनर्वसनाच्या लेखनातली सगळ्यात मोठी पोकळी मला इथं दिसते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ ची कलमं ५५ ते ५७ वाचा. त्यातलं ५७ वं तर काही ठरावीक गुन्ह्यांत आधी शिक्षा झालेल्यांसाठीच आहे. माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर, लगतच्या जिल्ह्यांबाहेरही पाठवता येतं. आपल्याकडे सणवार, निवडणूक आली की या आदेशांच्या बातम्या येतात. म्हणजे एक खातं म्हणतं समाजात परत आणा, दुसरं म्हणतं समाजाबाहेर काढा. दोघांचंही बोलणं बऱ्याचदा एकाच माणसाबद्दल असतं. अमेरिकन पुस्तकांत हे येणार नाही, कारण हा कायदा इथला आहे. मुंबईच्या कामात येऊ शकलं असतं. तडीपार झालेला माणूस राहतो कुठं, खातो काय, घरच्यांशी संबंध कसा ठेवतो, हे ‘रीएन्ट्री’चा भाग म्हणून तपासलेलं माझ्या वाचनात नाही.

खान्देशात याला जुना इतिहासही आहे. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमनं इथं भिल्ल कोअर उभी केली, धरणगाव तिचं ठाणं. कालपर्यंत ज्यांना लुटारू म्हणून गोळ्या घालत होते त्यांनाच गणवेश दिला. दुसरीकडे भिल्ल एजन्सीमार्फत जमीन, तगाई देऊन शेतीवर बसवायचा उद्योग. पुनर्वसनाचे गोडवे गाणाऱ्याला हे पहिलं यशस्वी उदाहरण वाटेल. पण मागे हेतू साम्राज्याच्या बंदोबस्ताचा होता, आणि १८७१ मध्ये याच राज्यकर्त्यांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ ला गेला. शिक्का गेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला कारागृहाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगावं लागलं, ‘सराईत’ हा शब्द कायद्याच्या व्याख्येबाहेर वापरू नका असं बजावावं लागलं. तुमच्या प्रश्नावलीत पारधी, भिल्ल, कंजारभाट असा जातीचा रकाना असेल आणि शेजारी ‘यापूर्वीचे गुन्हे’ असा रकाना असेल, तर त्या दोन रकान्यांचा क्रॉस-टॅब काढण्याआधी हा निकाल पूर्ण वाचा. राघवन-नायर यांचा २०१३ चा लेख इथं धडा म्हणून उपयोगी आहे : प्रमाण जास्त दिसतं तेव्हा प्रश्न त्या समाजाच्या स्वभावाला विचारायचा की पोलीस-वकील-जामीन या साखळीला, हे ते ठरवून विचारतात.

पद्धतीबद्दल थोडं, कारण गाईड तेच विचारतील. सेवा देणाऱ्या संस्थेच्या नोंदींवर उभ्या असलेल्या कामात सॅम्पलचा एक पेच असतो. जो मदत मागायला आला तोच दिसतो. ज्याला घरच्यांनी घेतलं तो येत नाही, जो परत आत गेला तो येत नाही, ज्याला लाज वाटली तोही येत नाही. शिवाय ज्याच्याकडून निवारा मिळायचा आहे त्याच्याच माणसाला कोण सांगेल की मी अजून दारू पितो? प्रयासच्या कामाची किंमत यानं कमी होत नाही, पण त्यांचे निष्कर्ष ‘सुटलेले बंदी’ या सगळ्यांना लावू नका. सरकारी आकड्यांत दुसरा पेच आहे. अहवालातला पुनरपराधी म्हणजे आधी शिक्षा झालेला आणि पुन्हा शिक्षा होऊन आलेला. पाच वेळा अटक होऊन एकदाही शिक्षा न झालेला त्यात नाही. पेपरातला ‘सराईत’ मात्र तोच असतो.

नोकरीतला भेदभाव मोजायचा तर डेव्हा पेजर यांचा २००३ चा मिलवॉकीचा प्रयोग सगळे सांगतात. सारख्याच पात्रतेचे तरुण अर्ज घेऊन पाठवले. गोऱ्यांत नोंद नसलेल्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं, नोंद असलेल्याला १७. काळ्यांत १४ आणि ५. म्हणजे तुरुंगात गेलेला गोरा न गेलेल्या काळ्यापेक्षा पुढे. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये आडनावांवर असा प्रयोग केला होता, दलित आणि मुस्लिम नावांना फटका दिसला. दोन्ही जोडून जळगाव एमआयडीसीत करू, असं तुम्हाला वाटेल. जमणार नाही. तिथल्या चटईच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये हेल्पर अर्ज भरून लागत नाही. आधीपासून तिथं असलेला कुणीतरी ‘माझ्या गावचा आहे’ म्हणून आणतो. चारित्र्य पडताळणीचा कागद सिक्युरिटीच्या नोकरीला लागतो. बाकी ठिकाणी पडताळणी तो आणणारा माणूसच करतो. मग प्रयोगाऐवजी त्या आणणाऱ्याची, म्हणजे मुकादमाची, लेबर ठेकेदाराची मुलाखत घ्या. कुणाला आणता, कुणाला नाही, का.

आणि मुलाखती गावात जाऊन घेऊ नका. मुंबईत संशोधक कुणाच्या खोलीवर गेला तर शेजाऱ्याला पत्ता नसतो. आपल्याकडे तुमची मोटारसायकल कुणाच्या दारात उभी राहिली की संध्याकाळी पारावर चर्चा : ‘कोण आलं होतं रे? पोलीस होता का?’ फॉर्मवर नाव न लिहिता, आडनाव बदलून, कोड नंबर देऊन गोपनीयता पाळली असं आपण प्रबंधात लिहितो. तोपर्यंत त्या माणसाच्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलेलं असू शकतं. मोठ्या शहरातल्या अभ्यासातून उचललेलं संमतीपत्र या धोक्याबद्दल एक ओळही बोलत नाही. आपलं स्वतःचं लिहावं लागेल, भेटायची जागा समोरच्याला ठरवू द्यावी लागेल, आणि तो ‘नको’ म्हणाला तर एन कमी झाला तरी चालेल.

कुठं भेटायचं मग? जिल्हा न्यायालयाचं आवार. सकाळी साडेदहाला तारखेची माणसं येतात, पुकारा होईपर्यंत बाहेर बसून असतात, चहा पितात, पुढची तारीख घेऊन एसटी पकडतात. तिथं कुणी कुणाला ओळख विचारत नाही, आणि प्रत्येकाच्या हातात असलेल्या पिशवीत त्याच्या केसचे सगळे कागद असतात. सिनॉप्सिस लिहिण्याआधी आठ-दहा दिवस नुसतं तिथं बसा, वही बाहेर काढू नका.